आक्काच्या किटलीतलं दूध

त्या सकाळी आक्काच्या किटलीतल्या दुधात पाण्याचा थेंब नव्हता. किटली हातात घेतली तेव्हाच मला ते माहीत होतं. आजवर हे मी कुणाला बोललेलो नाही. बायकोला नाही, भावकीत नाही. माय गेली, तिलाही न सांगताच जाऊ दिलं.

आता सांगतोय त्याला कारण परवाचा कार्यक्रम. आक्का माझी थोरली बहीण. तिच्या आणि दाजींच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, म्हणून भाच्यानं बीडला हॉल घेतला होता. तो पुण्याला नोकरीला आहे, तिकडं असं करतात म्हणे. केक, फेटे, मोठा पडदा, पडद्यावर लग्नातले फोटो. आणि नातेवाइकांनी एकेकानं उठून, माइक घेऊन, दोघांच्या गोड आठवणी सांगायच्या. मला आधीच फोन आला.

"मामा, पहिले तुमीच. ते कानपिळीचं सांगा. लई हसत्यात लोकं."

बरं म्हणालो. मी सगळ्यालाच बरं म्हणतो. घरात मला मुका म्हणतात.

आमच्याकडं लग्नात नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा असतो. बहिणीला नीट सांभाळ, नाहीतर बघ, एवढाच त्याचा अर्थ. भाऊ लटका पिळतो, नवरदेव लटकं ओरडतो, मग भावाला टॉवेल-टोपी आणि शर्टाचं कापड मिळतं. मी लटका पिळला नव्हता. का, ते कळायला त्याच्या आधीचं अर्ध्या तासाचं सांगावं लागेल.

ते वर्ष कोरडं गेलं होतं. आमचं गाव चौसाळ्याच्या हायवेपासून आत. मार्गशीर्षातच विहिरींनी तळ दाखवला होता, आणि लग्न निघालं वैशाखात. दादा म्हणजे माझे वडील. ते गावच्या दूध संस्थेचे जुने सभासद, म्हणून चेअरमननं शब्द टाकून लग्नासाठी एक टँकर मिळवून दिला. टँकरचं पाणी तलावाच्या तळाचं, चहासारखं लाल. त्यातला एक रांजण मायनं तुरटी फिरवून, धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळून बाजूला ठेवला होता. वऱ्हाडाला प्यायला तेवढंच स्वच्छ पाणी. त्या रांजणाजवळ ती आम्हाला फिरकू देत नव्हती.

नवरदेवाचे पाय धुवायला दादा पितळेची परात घेऊन बसले. टँकरचंच पाणी होतं. पाय धुवायला आणखी कुठलं असणार? दाजींनी परातीत पाय ठेवला. शेजारी त्यांचे वडील उभे होते, वडवणीकडचे बरे जमीनवाले. ते वाकून परातीत बघत म्हणाले,

"का हो इवाई, आमच्या पोराला म्हशीवाणी डबक्यात उभं केलं का?"

वऱ्हाड हसलं. दाजींनी पाय काढून घेतला. माझ्या बापाच्या दोन्ही हातांत होता तो पाय. तो त्यांनी वर उचलला आणि तसाच अधांतरी धरून ठेवला. दादांचे हात परातीवर तसेच राहिले.

"चांगलं पाणी आणा की," सासरा म्हणाला. "एकदाच तर धुवायचेत."

दादा उठले. रांजणाकडं गेले. माय झाकण बाजूला करून उभी राहिली. दोन घागरी पाणी आलं, पायांवरून गेलं, परातीतून मांडवाच्या मातीत गेलं. सासरा म्हणाला, "आता कसं!" आणि दाजी हसले. मोठ्यानं नाही, ओठाच्या कोपऱ्यात. बाकी कुणी बघितलं नसेल, मी बघितलं. दुपारी पंगतीला रांजण पुरला नाही; आमच्याच गल्लीतल्या म्हाताऱ्या जेवून तशाच उठल्या आणि पाणी प्यायला आपापल्या घरी गेल्या.

पाय धुऊन झाल्यावर लगेच कानपिळी आली.

मी कान धरला आणि पिळला. कानाचं मऊ हाड सरकल्याचं बोटांना कळलं, तरी सोडला नाही. नख रुतवलं. दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं, शेल्यावर रक्ताचा ठिपका पडला. सगळा मांडव खदखदला. कुणीतरी ओरडलं, "मेव्हणा तयारीचा हाय, नवरदेव, संभाळा!" टॉवेल-टोपी मिळाली. शर्टाचं कापड मी कधी शिवलं नाही. पुढं संस्थेत दुधाचे कॅन पुसायला फाडलं.

हीच ती गोड आठवण. दरवेळी मीच सांगतो आणि दरवेळी लोक हसतात.

राग तिथं संपायला हवा होता. संपला नाही, उलट मी तो जपला. दिवाळीला दाजी आले की पाण्याचा तांब्या मी स्वतः नेऊन द्यायचो आणि म्हणायचो, "घ्या दाजी, गाळून आणलंय. तुरटी फिरवलीय." ते घटाघटा प्यायचे. "लई गार हाय," म्हणायचे. चेहऱ्यावर काही नाही. मला वाटलं, हा माणूस विसरला. माझ्या बापाचे हात परातीवर तसेच राहिले होते, हे याच्या लक्षातही नाही. याचा मला जास्त राग यायचा. ज्याला आठवतच नाही त्याच्यावर सूड तरी कसा घ्यायचा?

मधे वर्षं गेली. मी त्याच दूध संस्थेत सचिव झालो. सकाळ-संध्याकाळ दूध मोजायचं, तपासायचं, कॅन भरून गाडीत चढवायचे. आणि मग परत तसाच कोरडा काळ आला, पहिल्यापेक्षा वाईट. संस्थेनं माळावर चारा छावणी उघडली. चार-पाच गावची जनावरं दावणीला आली. उसाचं वाढं ट्रकनं यायचं, पाणी टँकरनं. माणसं जनावरांपाशीच राहायची, दोन बांबूंवर ताडपत्री टाकून. रात्री माळावर चुली पेटल्या की जत्रा भरल्यासारखं दिसायचं, फक्त पाळणे नव्हते.

एके दिवशी एक टेम्पो येऊन थांबला. त्यातून दोन जर्सी गाई, एक म्हैस, बैलजोडी, दाजी आणि आक्का उतरले. वडवणीकडच्या छावणीत जागा उरली नव्हती. पोरं आक्काच्या सासूजवळ ठेवून आले होते. सासरा तोवर खाटेला खिळला होता.

खोटं सांगत नाही, मला आनंद झाला. त्यांची जनावरं आमच्या गावच्या दावणीला, आमच्या टँकरच्या पाण्यावर. मी चेअरमनच्या टेबलामागं बसून दाजींच्या जनावरांना बिल्ले दिले.

माय म्हणाली, घरी या राहायला, घर आहे ना! दाजी म्हणाले, "नको. सासुरवाडीला येऊन पडलाय म्हणत्याल लोकं." म्हणजे आक्का स्वतःच्या माहेरात, मायच्या चुलीपासून हाकेच्या अंतरावर, ताडपत्रीखाली राहिली. डोक्यावर शेणाची पाटी घेऊन उन्हात जाताना मला रोज दिसायची. ते बघून मी दाजींच्या खात्यावर आणखी राग जमा करायचो.

एकदा ते माझ्याकडं आले. "मेव्हणे, जरा वाढं बरं टाकाया सांगा की. आमच्या दावणीला नुसती चिपाडं येत्यात."

"नियमानं येतंय दाजी. सगळ्याला सारखं."

"आवो, तुमी सांगितलं तर—"

"मी सांगत नसतो."

ते गेले. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

तरीही एवढ्यावर भागलं असतं. पण एके दुपारी दादा छावणीत आले. तोवर ते थकले होते, काठी लागायची. लेकीला प्यायला घरचं पाणी म्हणून डोक्यावर छोटी कळशी घेऊन आले. मी टेबलाशी होतो. दाजी चार माणसांत पत्ते खेळत बसले होते. त्यांनी कळशीकडं बघितलं आणि म्हणाले,

"दादा, गाळून आणलंय ना? का मागच्यावाणी डबक्यातलं?"

पत्त्यातली माणसं हसली. एकानं विचारलं, मागच्यावाणी म्हंजे? दाजींनी सगळं सांगितलं. परात, पाय, "म्हशीवाणी", सगळं. मजेत सांगितलं, जावयानं सासऱ्याची करावी तशी थट्टा. आणि दादाही हसले. कळशी खाली ठेवून, कपाळ पुसत, सगळ्यांबरोबर हसले.

म्हणजे हा माणूस विसरला नव्हता. इतकी वर्षं तो पाण्याचा तांब्या माझ्या हातून घेत होता, माझं बोलणं ऐकत होता, आणि "लई गार हाय" म्हणत होता. त्याला सगळं कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते केलं.

छावणीतलं दूध आम्ही माळावरच मोजून घ्यायचो. ते तपासायची एक रीत असते, ती सांगितली पाहिजे. काचेचा मीटर दुधात सोडायचा. दूध घट्ट असलं तर तो तरंगतो, पाणी असलं तर बुडतो. पण नुकतीच धार काढलेलं, कोमट, फेसाळ दूध असलं तर चोख दुधातही मीटर खाली जातो. म्हणून आम्ही किटल्या आधी पाण्याच्या छोट्या हौदात ठेवून दूध निववत होतो. त्यात छावणीतल्या गाई नुसत्या वाढ्यावर. सगळ्यांचंच दूध पातळ झालं होतं. मीटर काय दाखवतो ते बघून मी मनानंच थोडं वर धरायचो. सगळ्यांचं धरायचो. नाहीतर छावणीतलं निम्मं दूध परत गेलं असतं. हे संस्थेत सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

आक्का किटली घेऊन आली. मागं दाजी, खांद्यावर टॉवेल. रांगेत बरीच माणसं होती. मी आक्काच्या हातातून किटली घेतली. बूड अजून कोमट होतं. ती हौदात ठेवली नाही. तिथंच झाकण काढून, फेस बाजूला न करता, मीटर सोडला. तो बुडाला.

"पाणी हाय," मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो. मी मोठ्यानं कधी बोलत नाही, म्हणून सगळी रांग वळली.

"काय म्हन्ता मेव्हणे?"

"मी न्हाई, मीटर म्हणतंय. बघा, तुमीच बघा."

दाजींनी वाकून बघितलं. त्यांना आकडा कळत नव्हता, पण बुडालेलं कळत होतं. रांगेतून एकजण म्हणाला, "पाऊस पडंना म्हून पाव्हण्यानं किटलीतच पाडला का बे!" दुसरा म्हणाला, "आवो, वडवणीचं पाणी हाय, गाळून घातलं आसंल!" काल पत्त्यात बसलेला होता तो.

हे ऐकायला मी किती वर्षं थांबलो होतो! दाजींचं तोंड उतरलं. भेसळीचं दूध सगळ्यांसमोर ओतून द्यायचं, हा संस्थेचा नियम. मी किटली उचलली आणि तिरपी केली. माळाची माती पांढरी झाली, लगेच परत मातीच्या रंगाची झाली. दोन कुत्री आली तोवर चाटायला काही उरलं नव्हतं. मी दाजींकडं बघत होतो. आता पाय उचल, मनात म्हणत होतो, आता उचल अधांतरी.

त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. ते आक्काकडं वळले.

"तू घातलं?"

माझ्या हिशेबात एवढी एक गोष्ट नव्हती. दूध दाजींचं, जनावर दाजींचं, नाव दाजींचं, म्हणून बट्टा दाजींना लागेल, असं मी धरून चाललो होतो. आमच्यात दुधाचा मालक पुरुष असतो आणि धार बाई काढते, हे मला रोज दिसत होतं. दूध वाईट निघालं की धार कुणी काढली असं विचारतात, हेही मला माहीत होतं. रागाच्या भरात तेवढंच विसरलो.

आक्कानं आधी हौदाकडं बघितलं. बाकीच्यांच्या किटल्या तिथं ओळीनं निवत होत्या. मग माझ्याकडं बघितलं. तीही याच घरात वाढलेली, माझ्या आधी धार काढायला शिकलेली. संस्थेत दूध घालायला लहानपणी तीच जायची. तिला काही सांगावं लागलं नाही.

मी "थांबा, निववून परत बघतो" म्हणू शकलो असतो. दूध सांडलं होतं, पण किटलीच्या तळाला मीटर सोडण्यापुरतं उरलं होतं. मी मीटर पुसून ठेवला.

"व्हय, घातलं," आक्का म्हणाली. "किटली इसळली ते पाणी तसंच राह्यलं आसंल. माज्याच हातनं झालं."

ती नाही म्हणाली असती तर तिथं दाजींनी माझी गचांडी धरली असती. चौकशी झाली असती, माझं पद गेलं असतं, आणि सासर-माहेरात कायमचं फाटलं असतं. हे सगळं तिनं हौदापासून माझ्यापर्यंत नजर येईतो ठरवलं असणार. तिनं मला हे कधी बोलून दाखवलं नाही. मीच सावकाश जुळवत गेलो.

दाजींनी तिला मारलं नाही, शिवीही दिली नाही. "चल," एवढंच म्हणाले आणि पुढं झाले. आक्कानं किटली उचलली.

त्या दिवसापासून धार दाजी स्वतः काढायला लागले. संस्थेला दूध घातलं नाही, हायवेवरच्या चहाच्या टपरीला घातलं. पाऊस झाल्यावर सगळे परत गेले. तिकडं सासूच्या कानावर गोष्ट आधीच गेली होती. सासूनं आक्काला म्हशीपाशी बसू दिलं नाही. "तिच्या हातात चरवी द्यायची न्हाई," असं पाव्हण्यारावळ्यांसमोर सांगायची. लग्नकार्यात जावा म्हणायच्या, "चहा वहिनीला करू देऊ नका, पातळ व्हतो." आक्का हसायची. माहेरी आली की मायच्या गाईपाशी तेवढी बसायची. धार काढून झाली तरी कासेला हात लावून बसून राहायची. मी बाहेरून जायचो, आत जायचो नाही.

दादा गेले, माय गेली. मग परवाचा हॉल.

मी कानपिळीचं सांगितलं. लोक हसले. दाजी खुर्चीतून उठले, फेटा वर सारून कान दाखवला, "ही बघा, निशाणी अजून हाय!" आणखी हसले. मग त्यांनी माझ्या हातातून माइक घेतला. भाच्याच्या यादीत हे नव्हतं.

"कानाचं ठीक हाय," दाजी म्हणाले. "पन ह्या मानसाचं खरं मोठेपण तुमाला म्हाईत न्हाई. आमच्या मंडळींनी छावणीत एकदा दुधात पाणी घातलं. पकडलं कुनी? सख्ख्या भावानं! बहीण म्हून सोडलं न्हाई, समद्यासमोर ओतलं. आसा इमानदार मेव्हणा जिल्ह्यात दुसरा दावा!"

टाळ्या वाजल्या. आक्का पदर तोंडाला लावून हसत होती. तिच्या फेट्याचा तुरा हलत होता. भाच्यानं माइक परत माझ्या हातात कोंबला. "मामा, दुधाचं तुमीच सांगा की. तुमच्या तोंडून."

मी तोंड उघडलं होतं. शब्दही जमले होते. दूध चोख होतं, एवढेच तीन. पण दाजी समोर उभे होते, आणि हसत होते. ओठाच्या कोपऱ्यात. तेच हसू. याला सांगायचं? या माणसापुढं, त्याच्या सगळ्या वडवणीकरांपुढं, मान खाली घालून? माझा बाप उठला होता तसं उठून याच्यासाठी चांगलं पाणी आणायला जायचं?

"नियम म्हंजे नियम," मी म्हणालो.

परत टाळ्या वाजल्या.

जेवणाच्या पंगतीत आक्का माझ्याजवळ आली, वाटीत बासुंदी वाढली. मी खाली बघत होतो. ती हळूच म्हणाली, "किटली हौदात ठिवली आसतीस तर बरं झालं आसतं, न्हाई रे?" मी वर बघेपर्यंत ती पुढच्या पानावर गेली होती. त्या सकाळबद्दल ती माझ्याशी बोलली ते एवढंच.

दाजींच्या कानाचं मला वाईट वाटत नाही. चिपाडाचंही नाही. ते हसू आठवलं की आजही बोटं आवळतात, आणि त्यांची माफी मागायची मला मुळीच इच्छा नाही. पण आक्काचं नाव सोडवायचं तर त्यांच्यासमोरच बोलावं लागणार आहे. दुसरी वाट मी शोधली, सापडली नाही.

मी आक्काचं एक देणं लागतो. जेवढ्या माणसांत तिच्यावर लोक हसले तेवढ्याच माणसांत, दाजींच्या तोंडावर, उभं राहून सांगायचं की तिचं दूध चोख होतं आणि खोटं मी केलं. ते अजून सांगितलेलं नाही.